पोझिंग रूटीनला मार्क द्या, पण नीट द्या

मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल झाली की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तेच वाद, कोणाची बॅक भारी, कोणाचं पोट बाहेर आलंय, कोणाला उगाच खाली टाकलं. रूटीनबद्दल, म्हणजे एकेकाने स्टेजवर येऊन म्युझिकवर केलेल्या पोझिंगबद्दल, कोणी चकार शब्द काढत नाही. काढणार तरी कशाला, ओपनमध्ये, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या मुख्य गटात, आता रूटीनला वेगळे मार्कच नाहीत, निकाल लागतो तो सगळ्यांना रांगेत उभं करून केलेल्या लाईनअपमधल्या कम्पॅरिझनवर, म्हणजे क्वार्टर टर्न (चारही बाजूंनी वळून दाखवणं) आणि सगळ्यांना सक्तीच्या आठ मँडेटरी पोझ. रूटीन उरलं फक्त पब्लिकसाठी. मला हे अजिबात पटत नाही.

पूर्वी सिमेट्री (शरीराचा प्रमाणबद्धपणा), मस्क्युलॅरिटी (मसलचा आकार आणि रेखीवपणा), रूटीन आणि पोझडाऊन (शेवटी सगळे एकत्र येऊन पोझ मारतात तो) असे राऊंड असायचे आणि रूटीन टोटलमध्ये धरलं जायचं. पण तेव्हाही ते नीट होत नव्हतं, आणि त्याचं कारण स्कोअरिंगमध्येच आहे. आयएफबीबी या बॉडीबिल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा जज दहापैकी मार्क देत नाही, तो नंबर लावतो, पहिला दुसरा तिसरा, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो. लाईनअपमध्ये हे बरोबर जमतं कारण दोघं शेजारी शेजारी उभे असतात. रूटीनला मात्र एक जण येतो, करतो, जातो, मग पुढचा. सहाव्याचं बघताना पहिल्याचं किती डोक्यात राहणार? मग बॉडी बघून आधी लावलेले नंबरच परत लावले जाणार, दुसरं काय होणार. 2001 चं ऑलिम्पिया आठवा, प्रीजजिंगला, म्हणजे फायनलच्या आधीच्या जजिंगला, जे कटलर पुढे होता आणि रात्री रॉनी कोलमन जिंकला. आज इतक्या वर्षांनीही त्यावर भांडणं होतात कारण रात्री नक्की काय बघून नंबर फिरले ते स्कोअरशीटवर कुठेच नाही, तिथे नुसते आकडे.

म्हणून माझं म्हणणं, रूटीनला नंबर नको, ठरलेल्या मुद्द्यांवर सरळ मार्क द्या. आणि मुद्दे डान्सचे नकोत, शरीराचे हवेत. बॅक डबल बायसेप्सचंच बघा, पाठ जजकडे करून दोन्ही दंड फुगवायची पोझ. पाय मागे टाकून टाच उचलली, काफ (पोटरी) दिसली, इथपर्यंत सगळे करतात, पण हात वर जाताना मांडी सैल पडली की हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या मसलच्या) रेषा गायब होतात आणि हात सेट झाल्यावर पोझर परत पाय आवळतो. लाईनअपमध्ये हे खपून जातं कारण जज सगळे सेट व्हायची वाट बघतो. रूटीनमध्ये ही मधली सेकंद उघडी पडते. एका पोझमधून दुसरीत जाताना पोट आत राहतं का, श्वास कुठे घेतला ते दिसतं का, पोझ पूर्ण होल्ड करतो की नुसती दाखवून पळतो, आणि मुख्य म्हणजे कमी पडणारा भाग कसा हाताळतो, हे सगळं मोजता येतं हो! फ्रँक झेन 90 किलोच्या आतल्या वजनात 1977 ते 79 सलग तीन ऑलिम्पिया जिंकला, त्याचा व्हॅक्यूम (पोट पूर्ण आत ओढून धरायची पोझ) बघा, एवढा ताबा फक्त साईझ वाढवून येत नाही.

मास्क, प्रॉप्स, ब्रेकडान्स याला मार्क नकोत. मला बॉडीबिल्डर कै ग्रीनचं रूटीन मनापासून आवडतं, पण त्यातही मार्क द्यायचे तर जमिनीवरून उठताना अंगातला एकही मसल सुटत नाही त्याला द्यायचे. कैने अर्नोल्ड क्लासिक ही दुसरी मोठी स्पर्धा तीनदा मारली पण ऑलिम्पियाला 2012, 13, 14 तिन्ही वेळा फिल हीथच्या मागे दुसरा. रूटीनला मार्क असते तर तो जिंकलाच असता असं मी म्हणत नाही, फिलची बॉडी तेव्हा खरंच पुढे होती. पण क्लासिक फिजिक हा गट तर जुन्या काळच्या पोझिंगच्या नावावरच उभं आहे ना, तिथे टेरेन्स रफिनसारखा पोझर 2020 आणि 2021 ला ऑलिम्पियात क्रिस बमस्टेडच्या मागे दुसरा आला आणि त्याच्या पोझिंगचं निकालात खातंच नाही, हे मला खटकतं.

रूटीनला निकालात किती वजन द्यायचं? माझ्या मते टोटलच्या दहा टक्के, आणि तेही फक्त टॉप सिक्ससाठी. म्हणजे कमी बॉडीवाला नुसत्या पोझिंगवर वर जाणार नाही, पण दोघं अगदी घासून असतील तर फरक पडेल. आणि मार्क प्रत्येक रूटीन संपल्या संपल्या लिहून लॉक करायचे, पोझडाऊनच्या आधी.

आपल्याकडे महाराष्ट्रात अगदी गल्लीतल्या 'श्री' स्पर्धेलाही बेस्ट पोझरचं वेगळं बक्षीस असतं, पब्लिक त्यासाठी शेवटपर्यंत थांबतं. चांगलंच आहे, पण वेगळी ट्रॉफी देऊन मेन निकालातून पोझिंग बाहेरच राहतं, अर्नोल्ड क्लासिकलाही बेस्ट पोझर अवॉर्ड आहे आणि तिथेही तेच. मग जिममधला पोरगा बारा महिने वजन मारतो आणि पोझिंगला उभा राहतो शेवटच्या पंधरा दिवसांत, स्टेजवर धाप लागते, पाय थरथरतात, पोट सुटतं. त्याला निकालात मार्क दिसले तर तो पहिल्या महिन्यापासून आरशासमोर उभा राहील. ग्रुपमध्ये जजिंग केलेले बरेच जण आहेत, दहा टक्के जास्त वाटतात की कमी ते लिहा, आणि तुम्ही बेस्ट पोझर काय बघून काढता तेही सांगा.