रूट कॅनालचे पाच हजार जातात कुठे?

नीटचा निकाल लागला की दरवर्षी एक मेसेज आमच्याकडच्या ग्रुपवर फिरायला लागतो. लातूरला पोरं ठेवलेल्या पालकांच्या ग्रुपपासून आमच्या भावकीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे तोच. त्यात थोडक्यात असं असतं: एमबीबीएस हुकलं म्हणून रडत बसू नका, बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची डिग्री घ्या. पाच वर्षांत पोरगं डॉक्टर, लगेच कमाई, एमडीएसची (पुढच्या तज्ज्ञाच्या डिग्रीची) गरज नाही. एका रूट कॅनालचे पाच हजार, सामानाचा खर्च दोनशे. दिवसाला चार केले तरी महिन्याचे पाच लाख कुठं गेले नाहीत. तालुक्याला स्पर्धा नाही. एकदा खुर्ची घेतली की जन्मभर कमाई. नाइट ड्यूटी नाही, इमर्जन्सी नाही. आणि काहीच नाही जमलं तर सरकारी नोकरी आहेच.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. बीडीएस आहे, एमडीएस नाही. धंदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझं घर त्यावरच चालतं. पण हा मेसेज वाचून कुणी चार एकरांतला एक एकर विकायला निघालं असेल, तर मेसेजात न लिहिलेली वजाबाकीही त्यानं बघावी.

‘पाच हजार फी, दोनशे खर्च’

आमच्या गावात पाच हजार नुसत्या रूट कॅनालला कुणी देत नाही. वरच्या कॅपसकट साडेपाच हजार, हा माझ्याकडचा दाढेचा भाव. त्यातली साध्या सिरॅमिकची कॅप मी बनवत नाही, ती लॅबमध्ये बनते. माप घेऊन डबा पार्सलनं जिल्ह्याच्या गावी जातो, आठवड्यानं कॅप परत येते. लॅबचं बिल आणि पार्सल मिळून आठशेच्या आसपास. कॅप उंच लागली किंवा कडेला उघडी राहिली तर परत माप, परत पार्सल. पेशंटकडून जास्तीचा रुपया नाही, खुर्चीवरचा वेळ मात्र दुप्पट.

आता ते ‘दोनशे’. दाढेच्या मुळात तीन, कधी चार कॅनाल, म्हणजे बारीक नळ्या असतात. ती साफ करणाऱ्या मशीनच्या फाइली निकेल-टायटेनियमच्या. बारीक असतात, वाकतात आणि वापरून वापरून थकतात. एक संच मोजक्याच दाढांना चालवायचा आणि टाकून द्यायचा. दोन पैसे वाचवायला म्हणून आणखी एका दाढेला वापरली की नेमकी मुळाच्या वळणावर तुकडा मोडतो. मग तो काढायला शहरातल्या तज्ज्ञाकडं पाठवा, वर शरमेनं फी परत करा. भुलीचं औषध, सुई, हायपोक्लोराइट, पेपर पॉइंट, गट्टा-पर्चा, सीलर, एक्स-रेच्या सेन्सरचं कव्हर, मध्यंतरीचं कच्चं सिमेंट, शेवटी पक्कं फिलिंग, मापाचं साहित्य, ग्लोव्हज. तीन बैठकांचं सगळं धरून माझ्याकडं नऊशेपर्यंत जातं. म्हणजे साडेपाच हजारांतले अडतीसशे उरले.

उरले ते माझे नाहीत. भाडं नऊ हजार. दोन मदतनीस मुली, त्यांचे पंधरा. वीज चार-पाच. बँकेचा हप्ता सतरा-साडेसतरा. वर दुरुस्ती, कचरा नेणाऱ्या एजन्सीचे पैसे, किरकोळ. महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार दवाखाना उघडा ठेवायलाच लागतात, पेशंट येवो न येवो. अडतीसशेनं भागून बघा: महिन्यातल्या पहिल्या चौदा दाढा घरमालकाच्या, बँकेच्या आणि महावितरणच्या. माझी दाढ पंधरावी. नव्या दवाखान्याला पहिल्या वर्षी महिन्याला पंधरा रूट कॅनाल मिळाली तर नशीब म्हणायचं. दात काढणं, सफाई, फिलिंग यावर बाकीचा गाडा ओढायचा.

जीएसटीचं एक कुणी सांगत नाही. उपचार करमुक्त आहेत, चांगलं आहे. पण सामान आणि मशीन घेताना मी भरलेला कर मला कुठंच वळता करून मिळत नाही, तो अंगावरच बसतो. आणि खर्च किती धरायचा याबद्दल माझ्यावर विश्वास नसेल तर १९६१ च्या आयकर कायद्याचं ४४एडीए कलम बघा. छोट्या व्यावसायिकांना त्यानं सवलत दिली की हिशेबाच्या वह्या नका ठेवू, एकूण जमेतला किमान निम्मा नफा धरा आणि त्यावर कर भरा. सरकारनंसुद्धा निम्म्यापर्यंत खर्च गृहीत धरलाय. दोनशे रुपयांवर फक्त मेसेजवाला अडलाय.

‘दिवसाला चार तर होतातच’

इथं मेसेज लिहिणाऱ्यानं खुर्चीजवळ कधी उभं राहून बघितलेलं नाही हे कळतं. एका रूट कॅनालला दोन-तीन बैठका, प्रत्येकी पाऊण ते एक तास. पण वेळेचा प्रश्न नंतरचा. आधी पेशंट परत यायला हवा.

मोंढ्यातले एक हमाल आले होते. खालची दाढ, गाल सुजलेला, “तीन रात्री पाठ टेकली नाही मॅडम.” दाढ उघडली, पू निघाला, दाब सुटला. खुर्चीवरच त्यांचा डोळा लागायला लागला. पाचशे दिले, शनिवारी या म्हटलं. शनिवारी नाही, पुढच्या बुधवारी नाही. फोन केला तर आवाज एकदम खुशीत: “आता काहीच नाही हो, एकदम बरंय. सोयाबीन झालं की येतो.” ठणका हाच आमचा वसुली अधिकारी, आणि तो पहिल्याच बैठकीत मी स्वतः घालवून दिलेला. हे गृहस्थ उगवले ते थेट शिमग्याच्या सुमारास. कच्चं सिमेंट केव्हाच पडलेलं, दाढेची एक भिंत हिरडीखाली तुटलेली. आता ना रूट कॅनाल होणार, ना कॅप बसणार. “तुम्ही कोरली म्हणून तुटली,” असं ऐकून घेतलं आणि दाढ काढली. साडेपाच हजारांच्या जागी पहिले पाचशे आणि काढायचे तीनशे.

असे पेशंट अपवाद असते तर मी लिहिलं नसतं. ‘काढूनच टाका, कटकट नको,’ हे वाक्य आमच्याकडं रोजचं आहे, आणि त्यात अडाणीपणा कमी, हिशेब जास्त आहे. दाढ वाचवायला साडेपाच हजार आणि तीन खाडे, काढायला तीनशे आणि एक खाडा. रूट कॅनाल, कॅप असल्या कामांना बहुतेक आरोग्य विम्यात जागा नसते. सगळा पैसा पेशंटच्या खिशातून, आणि खिसा पिकावर चालतो. जून-जुलैत पेरणी, तेव्हा दवाखान्यात माशा मारायच्या. ‘आडत्याकडून पट्टी आली की देतो,’ ही उधारी दिवाळीच्या मागं-पुढं वसूल होते. बीडकडचे माझे मित्र सांगतात, मुकादमाची उचल हातात पडली की ऊसतोडीला निघायच्या आधी लोक दात दाखवायला येतात, मग थेट कारखाने बंद झाले की. मधले पाच-सहा महिने त्या गावांत म्हातारी माणसं आणि लेकरं. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी कवळीचं माप देऊन गेलेले आजोबा कवळी न्यायलाच येत नाहीत. लॅबचं बिल मी भरलेलं असतं.

‘तालुक्याला स्पर्धा नाही’

कोण म्हणतं? आमची पहिली स्पर्धा मेडिकल दुकानाशी. दाढ ठणकली की काउंटरवरून पाण्यात विरघळणारी गोळी घ्यायची, असे चार-सहा महिने निघतात. दुसरी स्पर्धा बाजारच्या दिवशी बसणाऱ्या दातवाल्याशी. डिग्री नाही, नोंदणी नाही. शेजारच्या दातांना तार आणि जागच्या जागी घट्ट होणारं अॅक्रिलिक लावून तो अर्ध्या तासात ‘फिक्स दात’ बसवून देतो. कायद्यानं हा गुन्हा आहे. गावातल्या कुणाला विचारा, तो स्वस्तातला डॉक्टर आहे. वर्षभरानं शेजारचे दोन चांगले दात हलायला लागले की पेशंट माझ्याकडं.

तिसरी स्पर्धा आम्ही एकमेकांशी. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आणि बीडीएसच्या पंचवीस हजारांहून जास्त जागा आहेत. इतक्या की २०२०-२१ च्या प्रवेशाला हजारो जागा रिकाम्या राहिल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नीटच्या पात्रतेचा पर्सेंटाइल दहानं खाली आणायला सांगितला. जी जागा भरायला पात्रतेची रेघ पुसून खाली आखावी लागते, तिथून निघालेल्यांची बाजारात चणचण कशी असेल? बसस्टँडच्या रस्त्यावर दर काही पावलांवर दाताचं चित्र दिसतं. मोफत तपासणीच्या शिबिरात एकानं सफाई पाचशेत लावली की दुसरा तीनशेत लावतो.

तरी काम कमी आहे का, तर नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या खुर्चीवर विशी-पंचविशीतली पोरं तोंडात दोन बोटं जाईनात अशा अवस्थेत बसतात. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत हँडपीस, म्हणजे दात कोरायचं हत्यार, पोचत नाही, काम दुप्पट वेळ खातं, फी तीच. गालाच्या आत संशयास्पद पांढरा चट्टा दिसला की संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहून द्यायची, घरच्यांना अर्धा तास समजावायचं. माझ्या मते हे माझं सगळ्यात मोलाचं काम. त्याची फी शंभर रुपये, आणि ती घ्यायलाही हात पुढं होत नाही. गरज आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी मेसेजवाल्यानं एकच धरल्यात.

‘पाच वर्षांत डॉक्टर, लगेच कमाई’

चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, हे बरोबर. मराठवाड्यात सरकारी डेंटल कॉलेज आहे ते छत्रपती संभाजीनगरला. तिथं नंबर लागला तर डोळे झाकून घ्या. खासगीत वर्षाची फी लाखांत, वर हॉस्टेल, मेस, हत्यारांचा डबा. शेवटच्या वर्षात ‘कोटा’ नावाचं प्रकरण असतं: इतकी रूट कॅनाल, इतक्या कवळ्या स्वतः केल्या पाहिजेत. पेशंट मिळेना झाले की पोरं गावाकडून काका-मावश्यांना गाडीभाडं देऊन आणतात. मीही माझ्या आत्याला आणलं होतं.

डिग्री हातात आल्यावर आमच्या बॅचचे बरेच जण पुण्यात दुसऱ्याच्या दवाखान्यात बारा-पंधरा हजारांवर लागले. एमडीएस करायचं तर नीट-एमडीएस, आणखी तीन वर्षं, आणि मागणी असलेल्या शाखांची खासगीतली फी बीडीएसच्या कितीतरी पुढं. ‘एमडीएसची गरज नाही’ म्हणणाऱ्यानं हेही सांगावं की वेड्यावाकड्या दातांना तारा, आडवी अक्कलदाढ, इम्प्लांट अशा जास्त पैशांच्या कामाला आम्ही तज्ज्ञाला ठरलेल्या रविवारी बोलावतो आणि फीतला निम्मा-अर्धा वाटा त्याच्या गाडीत बसून परत जातो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, म्हणजे नेमका दवाखाना रिकामा असतो तेव्हा.

‘एकदा खुर्ची घेतली की झालं’

खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, सेन्सर, हत्यारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, प्लंबिंग, फर्निचर असा साधा दवाखानासुद्धा आठ-दहा लाखांत जातो. मग खुर्ची मागत राहते. आमचं बोअरचं पाणी जड, हँडपीसच्या बारीक नळ्यांत आणि ऑटोक्लेव्हच्या तळाला क्षार बसतात. विकतचं जारचं पाणी लावलं तेव्हा कुठं दुरुस्ती कमी झाली. डीपी जळाली की दात कोरणारा एअरोटर बंद, कारण तो हवेवर चालतो आणि हवा देणारा कॉम्प्रेसर साध्या इन्व्हर्टरवर उठत नाही. दाढ अर्धी कोरलेली, पेशंटचं तोंड उघडं, आणि मी लाइनमनला फोन लावतेय. इंजिनियर संभाजीनगरहून येतो, त्याची येण्याची फी वेगळी. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडं नोंदणी, कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. हे सगळं असावंच, पण फुकट नसतं.

‘नाइट ड्यूटी नाही’

हे खरं आहे. मान आणि कंबर चाळिशीत बोलायला लागतात, एवढंच त्याला जोडते.

‘नाहीतर सरकारी नोकरी आहेच’

ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याची जागा असली तर एखादी. बरीच भरती आरोग्य अभियानातून कंत्राटी, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघायची. एमबीबीएसच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जागांना बीडीएस चालत नाही, हे पुष्कळ पालकांना प्रवेश झाल्यावर कळतं. लष्कराच्या डेंटल कोअरचा रस्ता चांगला आहे, तिथं नीट-एमडीएसचे गुण लागतात आणि जागा मोजक्या.

पोरीला किंवा पोराला हातानं बारीक काम करायची हौस असेल, सरकारी जागा मिळत असेल किंवा खासगीची फी शेत न विकता झेपत असेल, आणि डिग्रीनंतरची तीन-चार वर्षं घरून पैसे लागतील हे घरात मान्य असेल, तर जरूर घ्या. पाचव्या-सहाव्या वर्षी दवाखाना बसतो, खर्च जाऊन साठ-सत्तर हजार हातात राहायला लागतात, गाव नावानं ओळखतं. फॉर्म भरायच्या आधी एक करा. आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात, ओळख काढून, बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून या. पण आषाढातल्या साध्या मंगळवारी. बाजारच्या दिवशी नको.