मिसरीचं बोट आणि हिरड्यांतलं रक्त

हिरड्यांवर उपचार केले की हार्ट अटॅक टळतो, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात सरळ म्हटलंय. इथं थोडं थांबायला हवं. दोन्ही आजारांचा संबंध आहेच. हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात, अंगात सूज धुमसत राहते. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं होतं, की उपचारांनी हृदयविकार टळतो याचा पुरावा नाही. तंबाखू आणि मधुमेह तर दोन्हीकडे घात करतात.

आमची माय पारोळा तालुक्यातली, लहानपणापासून मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणारी. सकाळी ओट्यावर बसून चूळ टाकली की पाणी लालसर दिसायचं. "उष्णता शे," म्हणायची. पुढे कळण्याची भाकरी चावेना, वरणात कुस्करून खायची. शेवटी जळगावला नेलं, दोन-तीन वेळा हिरड्यांखालची खोल सफाई झाली. रक्त थांबलं, मिसरीही सुटली. तिला शुगर आहे, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. हिरड्या सुधारल्या की शुगर थोडी आटोक्यात येते, याला चांगला पुरावा आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, दात साफ केले म्हणून बीपीची गोळी कुणी बंद करू नका. आमच्या शेजारच्या काकांनी तेच केलं होतं.