‘एमआरआय असताना परत एक्स-रेखाली का झोपवलं?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मुद्दे मात्र नेमके आहेत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी : आईंचा पाय कमरेपासून पोटरीपर्यंत ठणकत होता, बाहेरून काढलेला एमआरआय घेऊन तुम्ही आमच्या होटगी रोडच्या क्लिनिकला आलात. कमरेच्या नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देताना त्यांना सी-आर्मखाली, म्हणजे एक्स-रेच्या मशीनखाली झोपवलं. परदेशात एमआरआय बघत मणक्यात इंजेक्शन देतात, त्यात किरणं अजिबात नसतात, हे आम्ही सांगितलं नाही. डॉक्टर स्वतः शिशाचा ॲप्रन घालतात आणि पेशंटला काही नाही. एमआरआयचा रिपोर्ट बाजूला ठेवून त्याची सीडी मागितली. एवढं करून तीन आठवड्यांत दुखणं परत. आणि शेवटी, ‘सोलापुरात असंच चालायचं.’

आईंच्या प्रकृतीबद्दल तुम्ही जेवढं लिहिलंय त्यापलीकडे मी इथे चारचौघांत बोलणार नाही. त्यांची फाइल त्यांची आहे. बाकी सगळं बोलू.

तुम्ही नेटवर वाचलंत ते खरं आहे. एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली मणक्यात सुई घालणं ही थाप नाही. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या रुग्णालयात, जर्मनीत ट्युबिंगेनला, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला हे काम झालंय, त्यावर शोधनिबंध आहेत. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, एक्स-रे नसतात, हेही बरोबर. तरीही कमरेच्या साध्या इंजेक्शनसाठी हा पर्याय मी प्रत्येक पेशंटपुढे ठेवत नाही, आणि पुढेही ठेवणार नाही. का, ते सांगतो.

एमआरआयमधलं दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं असतं. आमच्या ट्रेमधली रोजची स्टीलची सुई तिथे चालत नाही. टायटॅनियमसारख्या मिश्रधातूची वेगळी सुई लागते. तीसुद्धा चित्रात सुईसारखी दिसत नाही. धातूमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि सुईच्या जागी एक काळा पट्टा उमटतो. बावीस नंबरची सुई जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची. पट्टा तिच्या कितीतरी पट जाड येऊ शकतो. त्यात गंमत अशी की सुई चुंबकीय क्षेत्राला समांतर असेल तर पट्टा बारीक आणि आडवी असेल तर जाड. बोगद्याच्या नेहमीच्या मशीनमध्ये क्षेत्र डोक्याकडून पायाकडे असतं, आणि पाठीतून घातलेली सुई त्याला जवळपास काटकोनात. म्हणजे नेमकी जिथे टोक दिसायला हवं तिथेच चित्र सगळ्यात धूसर. दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या काही मशीनमध्ये क्षेत्र उभं असतं, तिथे ही अडचण कमी होते. पण तशी मशीन आमच्याकडे नाही.

बोगद्याचा व्यास साठ ते सत्तर सेंटिमीटर. पेशंट पालथा, पोटाखाली उशी, वर पाठीतून बाहेर आलेली सुई, आणि माझा हात घालायला जागा नाही. मग टेबल बाहेर ओढायचं, सुई थोडी सरकवायची, टेबल आत ढकलायचं, चित्र घ्यायचं, परत बाहेर. साठीच्या पुढच्या माणसाला दुखऱ्या पायानिशी त्या ठकठकाटात पालथं पडायला लावून बघा. शिवाय मध्येच रक्तदाब कोसळला तर ऑक्सिजनचा साधा सिलिंडर त्या खोलीत नेता येत नाही. आधी पेशंटला बाहेर काढायचं, मग उपचार. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला होता, ते पेपरात वाचलं असेल.

आता सी-आर्मचं. आईंना पालथं झोपवल्यावर मशीनचा गोल हात तिरका केला होता, तुम्ही काचेतून पाहिलंत. त्या कोनातून कमरेचा प्रत्येक मणका एखाद्या छोट्या कुत्र्याच्या आकाराचा दिसतो. आमच्या पुस्तकांत त्याला ‘स्कॉटी डॉग’च म्हणतात. कुत्र्याच्या हनुवटीखालची जागा गाठायची, की नस बाहेर पडते तिथे सुई पोचते. मग औषधाच्या आधी थोडासा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, एखादा मिली. तो नसेच्या कडेने रेघेसारखा पसरला तर जागा बरोबर. पण सुईचं टोक एखाद्या बारीक रक्तवाहिनीत असेल तर डाय सेकंदाच्या आत वाहून जातो, पडद्यावर दिसला न दिसला की गायब. हे बघण्यासाठीच चालू चित्र लागतं. एमआरआयचं एकेक चित्र उमटायला वेळ जातो, तेवढ्यात डाय निघून गेलेला असतो. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुई वाहिनीत नाही, यावर विसंबता येत नाही. स्टिरॉइडचे कण रक्तवाहिनीतून मज्जारज्जूकडे गेले तर माणूस पांगळा होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था एफडीए, तिने २०१४ मध्ये या इंजेक्शनांबद्दल इशारा काढला तो अशाच प्रकारांवरून. त्या एका सेकंदासाठी मी एक्स-रे वापरतो, हे माझं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर समजा. एमआरआयखाली आयोडीनच्या डायऐवजी गॅडोलिनियम वापरावं लागतं, आणि ते चुकून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं तर फिट आणि शुद्ध हरपण्याचे प्रकार नोंदले गेलेत. धोका शून्य कुठेच नाही, फक्त जागा बदलतो.

किरणांचा हिशोबही सांगतो. काही न करता, नुसतं जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप) किरणं मिळतातच. कमरेच्या सीटी स्कॅनला साधारण सहा. सी-आर्मखालच्या अशा एका इंजेक्शनला सहसा एकाच्या आत, कारण किरण सतत चालू नसतात, पायातलं बटण दाबलं तेवढ्यापुरतेच. ॲप्रनबद्दल तुमचा राग समजू शकतो, दिसायला ते वाईटच दिसतं. पण आई त्या खोलीत एकदा झोपल्या. मी, सिस्टर आणि टेक्निशियन वर्षभर रोज उभे असतो. आणि ज्या भागाचं चित्र घ्यायचंय त्यावरच शिसं ठेवलं तर पडद्यावर शिसंच दिसणार. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स आहे, आमच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असतो. रिसेप्शनच्या मागे कागद लावलेत, केव्हाही बघा.

मग एमआरआय फुकट गेला का? अजिबात नाही. इंजेक्शन कुठे द्यायचं हे त्यावरूनच ठरलं, कारण एक्स-रेत हाड दिसतं, नस आणि दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) दिसत नाही. बंद मागाचा फोटो पाहून कुठला धागा तुटलाय ते सांगता येतं, पण गाठ मारायला समोर उभं राहावंच लागतं. तसं आहे हे.

सीडी मागितली तीही त्याचसाठी. कागदी रिपोर्टमध्ये बहुतेकांच्या नशिबी तेच असतं : ‘एल-चार एल-पाच, एल-पाच एस-एक, डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी फुगलेली. पेशंट येऊन सांगतो, ‘डॉक्टर, मणक्यात गॅप पडलाय.’ २०१५ साली एका अमेरिकन रेडिओलॉजीच्या जर्नलमध्ये तेहतीस अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यातली ३,११० माणसं अशी होती की ज्यांची पाठ दुखतच नव्हती. तरी विशीतल्या तीस टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या चौऱ्याऐंशी टक्क्यांत गादी फुगलेली. म्हणजे आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणाऱ्या धडधाकट माणसाला मशीनमध्ये घातलं तरी रिपोर्टमध्ये बल्ज निघू शकतो. म्हणून मी आधी पाय उचलून बघतो, अंगठ्यातली ताकद बघतो, बधिरपणा कुठून कुठे ते टाचणीने पाहतो, आणि मग सीडीवर एकेक काप सरकवत ते कुठल्या नसेशी जुळतंय हे शोधतो. त्या दिवशी तुम्हाला बाहेर बसावं लागलं ते यासाठी. रिपोर्ट मी वाचला होता. मला त्याच्या मागचं चित्र हवं होतं.

तीन आठवड्यांत दुखणं परत, याचं वाईट वाटतं, आश्चर्य वाटत नाही. स्टिरॉइड नसेभोवतीची सूज उतरवतं. सरकलेली गादी ते जागेवर नेत नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, या इंजेक्शनांवरच्या २०२० च्या आढाव्यात निष्कर्ष असाच आहे : पायाच्या दुखण्यात थोडा फरक, तोही थोडे दिवस. संमतीपत्रावर मराठीत हेच छापलंय आणि सही घेण्याआधी मी ते वाचून दाखवतो. फायदा हा की त्या बऱ्या दिवसांत व्यायाम सुरू होतो, चालणं वाढतं, आणि पुष्कळांची बाहेर आलेली गादी काही महिन्यांत आपोआप आक्रसते. फिजिओथेरपीला आई आल्या की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे. आणि हेच औषध एमआरआय बघून दिलं असतं तर जास्त टिकलं असतं, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

ज्यांना एमआरआयखालच्या इंजेक्शनाचा खरा उपयोग आहे अशी माणसं आहेत. पोटातल्या बाळाला किरणं नको असलेली बाई, कोवळ्या वयाचा मुलगा ज्याला पुन्हा पुन्हा इंजेक्शनं लागणार, किंवा ओटीपोटात इतकी खोल नस की ती एक्स-रेत शोधताच येत नाही. असा पेशंट आला तर मी त्याला इथे अडवून ठेवत नाही, मोठ्या केंद्राला पत्र देतो.

कट घेतो असा इशारा रिव्ह्यूत आहे. एमआरआय तुम्हीच बाहेरून काढून आणलात असं तुम्हीच लिहिलंय, मग माझा कट कुठून आला? आणि ‘सोलापुरात असंच चालायचं’ म्हणाल तर इंडीपासून बार्शीपर्यंतचे लोक पुण्या-हैदराबादचं भाडं वाचवून इथे येतात, त्यांना त्या शहरांतही कमरेच्या इंजेक्शनाला बहुतेक ठिकाणी सी-आर्मच दिसेल.

आता कामाचं. आईंचा पाय लुळा पडायला लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर माझी अपॉइंटमेंट बघत बसू नका. रात्र असली तरी सरळ सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. असं काही नसेल आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. डाय पसरल्याचे दोन फोटो, औषधाचं नाव आणि प्रमाण, सगळं फाइलमध्ये आहे. रिसेप्शनला फाइल नंबर सांगा, पेनड्राइव्हवर देतील. त्याचे पैसे लागत नाहीत.