डाळ तयार, मी शिजलेली

पोलिशमध्ये स्वयंपाक करणे म्हणजे ‘गोतोवाच’. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात आल्यावर मी शिकलेलं हे पहिलं क्रियापद; भूक काही व्याकरणासाठी थांबत नाही. चहाचं पाणी उकळा नाहीतर पंचपक्वान्नं रांधा, शब्द हाच. शब्दांच्या बाबतीत काटकसरी माणसं दिसतात, असं वाटलं.

पहिला फटका फोनवर बसला. बाजारात जायचं होतं, घरमालकीणबाईंनी विचारलं, झालीस का तयार? तयार म्हणजे ‘गोतोवा’. पण एवढासा शब्द मला पुरेना, म्हणून ऐटीत म्हणाले, ‘येस्तेम उगोतोवाना!’ पलीकडे आधी शांतता, मग खो खो. ‘मी शिजलेय’ असं मी जाहीर केलं होतं. बोलीत त्याचा आणखी एक अर्थ निघतो: आता माझं काही खरं नाही. तोही चुकीचा नव्हता म्हणा.

बरं, चूक अगदीच बिनबुडाची नव्हती. मूळ शब्द ‘गोतोवी’, म्हणजे तयार. त्यावरून तयार करणे. आणि घरात रोज उठून तयार काय करायचं असतं? जेवण! रशियन ‘गोतोवित्य’ अजूनही तयारी आणि स्वयंपाक दोन्ही सांभाळतं. पोलिशमध्ये तयारीसाठी ‘प्शिगोतोवाच’ वेगळं झालं. हाताशी तयार असलेले रोख पैसे मात्र ‘गोतुफ्का’. दुकानातल्या मुलीने बटाटे तोलून ‘गोतुफ्का?’ विचारलं, तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, ‘नको नको, कच्चेच द्या.’

मंद आचेवर झाकून शिजवण्याला ‘दुशिच’ म्हणतात, आणि गळा दाबण्यालाही. कोबीच्या पाककृतीत हा शब्द दिसला तेव्हा मी शब्दकोश मिटून ठेवला. पण बिर्याणीला दम देणारी आणि पोरांनाही दम देणारी मी, कुठल्या तोंडाने बोलू?

कुकरला इथे ‘शिबकोवार’ म्हणतात, झटपट शिजवणारा. माझा गावाहून आणलेला, त्यामुळे शिट्ट्याही गावाकडच्याच. तिसऱ्या शिट्टीला मालकीणबाई धावत दारात. काय चाललंय? ‘गोतुये शे,’ मी म्हणाले. ‘शिजतंय’ आणि ‘मी उकळतेय’ यांत लिहिताना एका अक्षराच्या शेपटीचा फरक. बोलताना तोही जवळजवळ उरत नाही. बाईंनी कुकरकडे पाहिलं, घामाघूम माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता खिडकी उघडून दिली.