थेराचा ज्वालामुखी आणि मिनोअन संस्कृती: एक खुलासा

‘थेरा (ग्रीसमधलं आजचं सँटोरिनी) बेटावरच्या ज्वालामुखीने क्रीटची मिनोअन संस्कृती एका रात्रीत संपवली, अक्रोतिरीत पाँपेईसारखे हजारो सांगाडे सापडले,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. (मिनोअन ही क्रीट या ग्रीक बेटावरची कांस्ययुगातली संस्कृती; पाँपेई हे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर.) दोन्ही दावे चुकीचे आहेत.

थेरावरच्या अक्रोतिरी या प्राचीन शहराचं उत्खनन ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये सुरू केलं. उद्रेकात गाडल्या गेलेल्या रहिवाशांचे सांगाडे तिथे आजवर मिळालेले नाहीत. आधी मोठा भूकंप झाला होता आणि लोक ढिगारे उपसत होते. घराबाहेर एकावर एक रचून ठेवलेले पलंग तसेच राखेत गाडले गेले. लाकूड कुजलं, पण उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतल्यावर पलंगाचा आकार हुबेहूब मिळाला! माणसं मात्र वेळीच निघून गेली असावीत.

क्रीटवर मोख्लोस इथे थेराची राख सापडली आणि तिच्या थरावर मिनोअन लोकांनी नव्याने बांधलेली घरंही. क्रीटवरचे बरेच राजवाडे उद्ध्वस्त झाले ते इ.स.पू. १४५०च्या सुमारास, उद्रेकानंतर काही दशकांनी तरी. क्नोसॉस हे तिथलं मोठं राजवाड्याचं ठिकाण त्यानंतरही नांदतं होतं. उद्रेकाच्या नेमक्या सालावर वाद आहे, पण हा क्रम मातीच्या थरांतच दिसतो. उद्रेकामुळे त्सुनामी आली होती, हे मात्र खरं.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.