आत्याच्या डब्यातले ३७ हिरवे खडे

तो मेसेज तुमच्याकडे पण आला असणार. "पित्ताशयातले खडे ऑपरेशनशिवाय ६ दिवसांत बाहेर", वर कुठल्यातरी चिनी डॉक्टरचं नाव आणि खाली चार वेळा हात जोडलेले. पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा ज्यूस प्यायचा, सहाव्या दिवशी रात्रीचं जेवण बंद, संध्याकाळी ६ ला एक आणि ८ ला एक असा एप्सम सॉल्टचा चमचा कोमट पाण्यातून घ्यायचा, रात्री १० ला अर्धा कप ऑलिव्ह नाहीतर तिळाचं तेल आणि त्यात अर्धा कप लिंबाचा रस, आणि सकाळी संडासात हिरवे खडे मोजत बसायचं, ४०, ५०, कुणाचे १०० पण निघतात म्हणे.

मी हा मेसेज कितीतरी वर्षं बघतोय आणि न वाचता पुढे सरकतोय. यावेळी तो माझ्या आत्याच्या हरिपाठाच्या ग्रुपवर आला आणि आत्याने तो केला.

आत्या जुळे सोलापुरात राहते, वय ५८, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. फेब्रुवारीत हुरडा पार्टीवरून आली आणि उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की उभं राहता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटर. पंधरा दिवसांनी परत तेच. सर्जन म्हणाले दोनदा त्रास झालाय, तिसऱ्याची वाट बघू नका, दुर्बिणीने पित्ताशयच काढून टाकू. आत्या म्हणाली बघू, सुट्टीत नातवंडं येणारेत, नंतर बघू. तेवढ्यात हा मेसेज.

एप्रिलमधल्या एका शनिवारी रात्री पावणेतीनला आतेभावाचा फोन. "झोपलास का बे, आईच्या पोटात लई दुखालंय, उलट्या थांबंनात." गाडी काढून गेलो तर आत्या मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली, घामाने साडी भिजलेली, आणि त्या अवस्थेत पण मला सांगतीय, घाबरू नको, खडे सुटायलेत म्हणून दुखतंय, मेसेजमध्ये लिहिलंय. दवाखान्यात नेलं, सलाईन, इंजेक्शन, शुगर बघितली तर ३४०. पहाटे दुखणं उतरलं. सकाळी परत सोनोग्राफी. खडे आहेत तिथंच, ११ वाला पण ११ च. पॅनक्रियाला (म्हणजे स्वादुपिंडाला) सूज आली नाही हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते का म्हणाले ते खाली सांगतो.

आता त्या मेसेजकडे येऊ. त्यातली सगळी वाक्यं घेत नाही, तेवढा पेशन्स नाही.

पहिलंच वाक्य, "पित्ताचे खडे सर्वांनाच असतात". नसतात. जिथं हा आजार भरपूर आहे त्या पाश्चात्त्य देशांत पण मोठ्या माणसांत १० ते १५ टक्क्यांना असतात. पुढं.

सफरचंदातल्या मॅलिक ॲसिडने खडे मऊ होतात म्हणे. सफरचंद पोटात जातं, आतड्यात पचतं, रक्तात शोषलं जातं. पित्ताशय म्हणजे आतड्यावरची पिशवी नाही की वरून ओतलेला ज्यूस तिथं जाऊन साठेल आणि खडे त्यात भिजत पडतील. पण आमच्याकडे या वाक्याने जे केलं ते वेगळंच, शुगरच्या बाईने पाच दिवस रोज चार ग्लास बाटलीतला ज्यूस प्यायला. एका ग्लासात वीसेक ग्रॅम साखर धरा, दिवसाला ८० ग्रॅम झाली. चहात अर्धा चमचा साखर पडली तर सुनेवर ओरडणारी बाई ही! ज्यूस म्हणजे फळ, फळ म्हणजे औषध, मग साखर कुठली, असं तिचं गणित.

आता एप्सम सॉल्ट, आणि इथं माझं डोकं खरं फिरलं. आत्याला दोन मेडिकलमध्ये मिळालं नाही. मग तिने आतेभावाला विचारलं, त्याने मोबाईलवर बघितलं, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि तो म्हणाला अगं हे तर आपल्याकडंच पडलंय की. मोहोळकडं त्याची डाळिंबाची बाग आहे. पानं पिवळी पडायला लागली की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात, शेतीवाल्या प्रत्येकाला माहितीय. त्या खताच्या पोत्यातलं एक वाटीभर घरी आलं आणि आत्याने ते कोमट पाण्यातून दोनदा घेतलं. खत! डाळिंबाच्या झाडाचं! पोत्यावर स्वच्छ छापलंय फक्त शेतीसाठी म्हणून. नाव तेच असलं तरी खतासाठी बनवलेल्या मालात दुसरं काय काय मिसळलेलं आहे, खाण्याच्या लायकीचं आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं. आतेभावाला मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिकलेला आहे तो, बीएस्सी ॲग्री.

आणि औषधाच्या दर्जाचं असलं तरी ते जबरदस्त जुलाबाचं औषध आहे. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं आणि हृदयापर्यंत भानगड जाते, आणि शुगरच्या जुन्या पेशंटची किडनी कशी असते ते वेगळं सांगायला नको.

बरं, यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो, नाईलाजाने. मेसेज म्हणतो एप्सम सॉल्टने पित्तनळीचं तोंड उघडतं. शंभरेक वर्षांपूर्वी डॉक्टर लोक नळीने थेट लहान आतड्यात मॅग्नेशियम सल्फेट सोडून पित्ताचा नमुना काढायचे, त्याने नळीच्या टोकाचा स्नायू सैल पडतो हे खरं आहे. पण ते झालं खालचं टोक. पित्ताशयातून निघणारी नळी मुळातच तीन-चार मिलिमीटरची, आत मळसूत्रासारख्या वळ्या, आणि खडा ११ चा. वेशीचा दरवाजा सताड उघडला म्हणून बोळात अडकलेला ट्रक बाहेर येतो का?

तेलाचं पण तसंच. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकसतं, हे खरंच आहे, त्याचं कामच ते आहे, म्हणून तर शेंगाचटणी-भजी खाल्ल्यावर आत्याला दुखायचं. पण खडे भरलेली पिशवी मुद्दाम अर्धा कप तेल पाजून पिळायची म्हणजे काय होणार? मोठा खडा तोंडाशी जाऊन बसतो, मग कळ. बारीक खडा त्याहून वाईट, तो निसटून मोठ्या नळीत जातो आणि तिथं अडकतो, मग कावीळ, नळीत पू, नाहीतर पॅनक्रियाची सूज, ज्यात माणसं आयसीयूत जातात आणि काही परत येत नाहीत. डॉक्टर नशीब म्हणाले ते यासाठी.

आता मुद्द्याचं, म्हणजे हिरवे खडे. कारण सगळा मेसेज यावर उभा आहे, "खडे डोळ्यांनी दिसतात, पुरावा कशाला पाहिजे?" आणि दिसतात हो, खोटं नाही. आत्या दवाखान्यातून रविवारी संध्याकाळी घरी आली आणि सोमवारी मला फोन करून बोलावलं. फ्रिजमधून एक स्टीलचा डबा काढला. जुलाबातून गोळा केलेले, धुतलेले (त्यावर आपण बोलायला नको), हिरवट, वाटाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे, मऊसर चकचकीत. मोजून ३७. "सोनोग्राफीचं मशीन खोटं बोलतंय का हे खोटं बोलतंय, सांग." शनिवारच्या कळा काढून सुद्धा तिचा विश्वास तसूभर हलला नव्हता, आणि डबा हातात घेतल्यावर मी पण एक क्षण गप्प झालो, खरं सांगतो.

घरी येऊन शोधलं. ऑलिव्ह तेलाच्या या प्रकारावर लॅन्सेटमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या जगातल्या सगळ्यात जुन्या आणि वजनदार साप्ताहिकांपैकी एकात, २००५ साली न्यूझीलंडच्या दोघांनी एक छोटंसं टिपण छापलंय. त्यांच्याकडे चाळिशीची एक बाई आली होती, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, आणि तिने हाच प्रकार केलेला, ज्यूस, मग ६०० मिली ऑलिव्ह तेल आणि ३०० मिली लिंबाचा रस. तिने पण हिरवे खडे जपून आणले होते, फ्रीझरमध्ये ठेवून! (आत्या एकटी नाही तर.) त्या दोघांनी हसण्यावारी न नेता ते खडे तपासले. कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे पित्ताचा खडा ज्याचा बनतो त्यातलं काहीच नाही. जवळजवळ ७५ टक्के फॅटी ॲसिड, तेलातलंच. आणि ४० अंशाला दहा मिनिटं ठेवल्यावर ते वितळून हिरवं तेलकट पाणी झालं. मग त्यांनी ऑलिव्ह तेलातलं मुख्य ॲसिड आणि लिंबाचा रस सारखा घेतला, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी थोडं घातलं, तर तसेच गोळे तयार झाले, फक्त पांढरे, वाळल्यावर टणक पण झाले. लिंबात पोटॅशियम भरपूर असतंच. म्हणजे पोटात तेलाचं साबण होतं. तुम्ही रात्री १० ला साबणाचं सामान गिळता आणि सकाळी साबण बाहेर येतो. ज्याला एकपण खडा नाही त्याने केलं तरी निघणार, आणि म्हणूनच "सर्वांनाच खडे असतात" हे पहिलं वाक्य त्या मेसेजमध्ये आहे, आता लक्षात आलं?

४० अंश वाचल्यावर मला हसूच आलं. न्यूझीलंडच्या लोकांना त्यासाठी लॅबमध्ये गरम करावं लागलं, आपल्याला सोलापुरात एप्रिलमध्ये नुसता स्लॅब पुरे. मंगळवारी दुपारी दीड वाजता आत्याला घेऊन गच्चीवर गेलो, पेपरात ४२ लिहिलेलं, पायात चप्पल असून पाय भाजत होते. एका जुन्या वाटीत तिच्या डब्यातले चार खडे, दुसऱ्या वाटीत गावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या एका शेजाऱ्यांनी बाटलीत जपून ठेवलेला त्यांचा खरा पित्तखडा, मागून आणला होता, तपकिरी, खडबडीत, मिरीपेक्षा मोठा. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. पाच-सात मिनिटांत हिरव्या खड्यांच्या कडा गोल झाल्या, मग खाली चकाकी आली, मग चारही एकमेकांत मिसळून वाटीच्या तळाला हिरवट तेल. आत्याने वाकून वास घेतला. तिने ऑलिव्ह महाग म्हणून घरचं करडईचं तेल वापरलं होतं. "करडईच आहे की रे," एवढंच म्हणाली. दुसऱ्या वाटीतला खडा जसाच्या तसा. शुद्ध कोलेस्टेरॉल वितळायला १४८ अंश लागतात, तेवढा उन्हाळा सोलापुरात पण नाही. अजून.

मला वाटतं आपल्याकडे हा मेसेज चालतो त्याला आपली भाषा पण थोडी जबाबदार आहे. छातीत जळजळलं तरी आपण "पित्त झालंय" म्हणतो, मग लिंबू-पाणी घेतो, बरं वाटतं, तर पित्ताशयाला पण लिंबू चालेल. आणि मुतखडा. हुलग्याचं पाणी पिऊन, भरपूर पाणी पिऊन बारीक मुतखडा पडतो, प्रत्येक घरात एकाचा तरी पडलेला असतो, त्यामुळे खडा म्हणजे पडणारी गोष्ट असं डोक्यात बसलंय. पण मुतखड्यावरून दिवसभर लघवी वाहत असते, तिचा रस्ता सरळ बाहेर. पित्ताशय ही एका बाजूची बंद पिशवी. दोघांना खडा म्हणतात एवढंच साम्य.

मेसेजमधलं पुढचं, "खड्यांमुळे कॅन्सर होतो." खडे असणाऱ्यांत पित्ताशयाच्या कॅन्सरचा धोका काही पट जास्त असतो, उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात हा कॅन्सर बराच आहे, पण खडे असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. आणि समजा भीती खरी धरली, तरी साबण काढून ती कमी कशी होणार?

"डॉक्टर लोक हे लपवतात कारण ऑपरेशनचे पैसे." इथं मी डॉक्टरांची वकिली करणार नाही, आपण सगळ्यांनी बिलं बघितलीत. आणि हे खरं आहे की ज्यांचे खडे काही त्रास न देता सहज सोनोग्राफीत सापडतात, त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, कुणी लगेच टेबलावर घ्यायला निघालं तर का म्हणून विचारा, दुसऱ्याला दाखवा. बारीक कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवायची गोळी पण आहे, महिनोन् महिने घ्यावी लागते, काहींनाच लागू पडते आणि बंद केल्यावर पुष्कळांना परत खडे होतात, पण आहे. लपवलेली नाही, चिठ्ठीवर लिहून मिळते. आत्याला ती का नाही हे सर्जनने कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, तेव्हा ती मोबाईल बघत होती.

"पित्ताशय काढलं की पचन बंद." पित्त लिव्हर बनवतं, पित्ताशय फक्त साठवतं. झालं.

आत्याचं ऑपरेशन आता मे महिन्यात आहे, नातवंडं असतानाच करणार म्हणते, तेवढाच डबा पोचवायला हाताशी माणूस. मी ग्रुपवर दोन्ही वाट्यांचा फोटो तिच्याच मोबाईलवरून टाकला, खाली लॅन्सेटचं मराठीत लिहून. ज्या बाईंनी मूळ मेसेज पाठवलेला त्यांचं उत्तर आलं, "वहिनींनी करडईचं तेल वापरलं म्हणून. ऑलिव्ह लागतं. माझ्या जावेचे ६२ निघाले." मी लिहिलं, मावशी, त्या न्यूझीलंडच्या बाईने ऑलिव्हच घेतलं होतं, तुमच्या जाऊबाईंची आधीची आणि नंतरची सोनोग्राफी तेवढी पाठवा, मी स्वतः ग्रुपवर माफी मागतो.

दोन निळ्या टिक आल्यात. त्यानंतर त्यांनी नाभीत तेल घालण्याचे २१ फायदे पाठवलेत.