दोष कुणाचा: पेशंटचा, डॉक्टरचा की बेसिनचा?

वाद पेटला तो बंड्याच्या एका वाक्यावरून. बंड्या औषध कंपनीत एमआर. तो म्हणाला, "लोक गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून हे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. चूक पेशंटची."

मास्तरांनी लगेच मान डोलावली. विज्ञान शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, त्यामुळे दाखला खिशात तयारच असतो. "पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेलच्या व्याख्यानातच बजावलं होतं. पेनिसिलिन कमी पडेल इतकं घेतलं तर जंतू त्याला सरावतील."

ताई आयसीयूत नर्स आहे. एरवी कट्ट्यावर ती कामाचा विषय काढत नाही, पण हे तिला काही पचलं नाही. "माझा पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, बंड्या. तो कुठला कोर्स सोडतोय? त्याला औषध आम्ही देतो, शिरेतून, वेळ लिहून. तरी त्याच्या रक्तात क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडतो आणि कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून त्यावर औषधं तपासायच्या, रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. रेझिस्टंट."

"मग डोस कमी पडत असेल."

"बऱ्याचदा उलटंच असतं. गरजेपेक्षा जास्त दिवस चालतो."

यावर मास्तर चिडले. कोर्स पुरा करा हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगितलंय. ताईने मग 'बॅलन्स' नावाच्या चाचणीचा विषय काढला. रक्तात जंतुसंसर्ग झालेले ३,६०० हून अधिक पेशंट, सात देशांतली ७४ रुग्णालयं. निम्म्यांना सात दिवस अँटिबायोटिक, निम्म्यांना चौदा. निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. ९० दिवसांत सात दिवसवाल्या गटातले १४.५ टक्के दगावले, चौदा दिवसवाल्यांतले १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस कुठेच कमी पडले नाहीत.

"म्हणजे बरं वाटलं की गोळ्या बंद?" बंड्याने पकडायला बघितलं.

"असं कोण म्हणालं? किती दिवस ते डॉक्टरने ठरवायचं. टीबीला महिनोन् महिने औषध लागतं, तिथे हा हिशोब चालत नाही. या चाचणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे पेशंटही नव्हते. मी एवढंच म्हणते, की उगाच लांबवलेला प्रत्येक दिवस आतड्यातल्या जंतूंना भोगावा लागतो."

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो, म्हणून जरा थांबतो. औषध रक्तातल्या जंतूसाठी दिलेलं असलं तरी आतड्यातही पोचतं. तिथले साधे, निरुपद्रवी जंतू मरतात आणि मुळातच त्या औषधाला न बधणारे जे थोडे असतात त्यांना रान मोकळं मिळतं. वर हे जंतू प्रतिकाराची जनुकं प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून एकमेकांना देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. पेशंट आजारी दिसत नाही, पण हे जंतू अंगात घेऊन फिरतो.

"बघ! पेशंटच्याच पोटात तयार होतात," बंड्या म्हणाला.

"तयार कुठेही होवोत. एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे, ते सांग."

आणि मग तिने बेथेस्डाची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या एनआयएचचं, म्हणजे सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं, स्वतःचं रुग्णालय आहे तिथे. जून २०११ मध्ये दुसऱ्या रुग्णालयातून एक पेशंट आला. त्याच्या अंगात कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकलाही न जुमानणारी क्लेब्सिएला आहे हे आधीच कळलं होतं, म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं, हातमोजे, गाऊन, सगळं काटेकोर. जुलैत तो घरी गेला. सगळे सुटलो म्हणाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा पेशंट सापडला, मग तिसरा. शेवटी आकडा १८ वर गेला. ११ दगावले, त्यातले सहा या संसर्गानेच.

पहिला पेशंट जाऊन तीन आठवडे झाल्यावर दुसरा कसा? तिथल्या संशोधकांनी प्रत्येकाच्या जंतूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला. साठ लाखांच्या आसपास अक्षरं, आणि फरक मोजक्या अक्षरांचा. त्यावरून कुणाचा जंतू कुणाकडून आला याची वंशावळच मांडता आली. पहिल्या पेशंटकडून किमान तीनदा संसर्ग बाहेर पडला होता. आणि ज्या क्रमाने पेशंट सापडले त्या क्रमाने तो पसरलाच नव्हता. मधले काही जण आठवडेच्या आठवडे कसलंही लक्षण नसताना जंतू बाळगून होते. बेसिनच्या ड्रेनमध्ये तो सापडला. साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही.

"ड्रेनमध्ये सापडणारच," अप्पा म्हणाला. तोवर तो गप्प होता. अप्पा प्लंबिंगची कामं घेतो. "बेसिनखाली ट्रॅप असतो, त्यात पाणी साठून राहायलाच हवं. नाहीतर गटाराचा वास वर येईल. पण पाण्यात बसलेला जंतू वर कसा येणार? पाणी तर खाली जातं."

नेमकं हेच व्हर्जिनिया विद्यापीठात तपासलं होतं. एकाला एक जोडलेल्या बेसिनांची प्रयोगशाळाच त्यांनी उभारली, ट्रॅपमध्ये हिरवे चमकणारे ई. कोलाय सोडले आणि वरून नळ चालवला. जंतू नुसते ट्रॅपमध्ये होते तोवर बाहेर काहीच उडालं नाही. पण ड्रेनमध्ये अन्नद्रव्य पडत राहिलं तसा त्यांचा चिकट थर नळीच्या आतून वर चढायला लागला, दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर. आठवड्याभरात जाळीपाशी. मग नळाची धार जाळीवर आपटली की शिंतोड्यांबरोबर बेसिनमध्ये आणि बाजूच्या ओट्यावर. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं.

अप्पा खूश. "म्हणजे धार सरळ जाळीवर पडता कामा नये. नळ आणि भोक एका रेषेत घ्यायचं नाही. एवढं सोपं आहे!"

"आणि उरलेलं सलाइन, दूध, ग्लुकोज हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतायचं नाही," ताई म्हणाली. "ते सांगून सांगून माझा घसा बसला."

मास्तरांना हे सगळं फार किरकोळ वाटत होतं. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि आपण नळाची रेषा धरून बसलोय? नवी औषधं काढा की!

इथे मात्र बंड्याचं ऐकावं लागलं, कारण धंदा त्याला कळतो. "नवं अँटिबायोटिक आलं की डॉक्टर काय करतात? जपून ठेवतात. बरोबरच आहे. पण मग खपणार काय? अकाओजेन कंपनीला जून २०१८ मध्ये प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकची मंजुरी मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगलं निघालं आणि कंपनी बुडाली!" इंग्लंडने यावर तोडगा काढून पाहिला: २०२२ पासून दोन अँटिबायोटिकांसाठी वर्गणीसारखी ठरावीक रक्कम, प्रत्येकी वर्षाला एक कोटी पौंडांपर्यंत, औषध वापरलं जावो न जावो. बंड्याच्या मते सगळ्या श्रीमंत देशांनी हेच करावं. माझंही तेच मत. आज ज्याच्या रक्तात जंतू आहे त्याला नळाची रेषा वाचवणार नाही.

"आणि बुरशीचं काय?" ताईने विचारलं. कुणी काही बोलेना. बुरशी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे नायटाच येतो.

कॅन्डिडा ऑरिस नावाच्या बुरशीचं पहिलं वर्णन २००९ साली जपानमधून आलं, एका बाईच्या कानातल्या नमुन्यावरून. मग काही वर्षांतच ती वेगवेगळ्या खंडांत दिसली, आणि जीनोम पाहिले तर वंश वेगवेगळे. एकाच ठिकाणाहून पसरलेली नव्हे, जवळपास एकाच काळात ठिकठिकाणी वर आलेली. असं का, यावर संशोधक अजून भांडतायत. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध बहुतेक वेळा तिच्यावर चालत नाही. मुळात बुरशीवर औषधांचे गटच मोजके, कारण बुरशीच्या पेशीची घडण आपल्या पेशीच्या जवळची. तिला मारेल ते आपल्यालाही बाधण्याची भीती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तीत ही सर्वांत वरच्या गटात आहे.

बंड्या म्हणाला, "मग इथे तरी औषधच हवं ना?"

"ऑक्सफर्डला काय झालं ऐक. २०१५ ते २०१७ मध्ये ७० पेशंटमध्ये ऑरिस सापडली, बहुतेक सगळे मेंदूच्या आजारांच्या आयसीयूत राहिलेले. काय काय केलं तरी थांबेना. शोधता शोधता लक्षात आलं, काखेत लावून ताप मोजायचे प्रोब एका पेशंटचे काढून दुसऱ्याला लावले जात होते. ते प्रोब बंद केले तेव्हा कुठे संसर्ग आटोक्यात आला."

अप्पा हसला. मास्तर हसले नाहीत. "प्रोब पुसत नव्हते का?"

"पुसायचे हो. पण कशाने पुसता त्यावर आहे. नेहमीच्या वापरातली काही जंतुनाशकं ऑरिसवर नीट चालत नाहीत, क्लोरीनवाली लागतात. आणि ती पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरते."

"मग ज्याच्या अंगावर सापडेल त्याला सरळ वेगळा ठेवा," बंड्या म्हणाला.

"किती दिवस? ऑरिस अंगावर महिनोन् महिने राहते. आणि वेगळ्या खोलीतल्या पेशंटकडे डॉक्टर-नर्सच्या फेऱ्या कमी होतात, हे मोजून पाहिलेलं आहे. दर वेळी गाऊन चढवायचा, उतरवायचा. माझ्याकडे रात्री पेशंट किती असतात ते विचार आधी."

बंड्याने विचारलं नाही. मास्तर मात्र अजून कोर्सवरच अडून आहेत. बॅलन्सचा निकाल मला स्वतः वाचायचाय म्हणाले, आणि त्यात स्टॅफिलोकोकस का घेतला नाही ते ताईने नीट समजावून सांगायचंय.